चारशे पन्नास सीसीचा बाप

२ फेब्रुवारी, रविवार

लेक आली नाही. दर रविवारी सकाळी येते, जेवून जाते. आज नुसता मेसेज. बाबा, आज डोंगरात बाइकची प्रॅक्टिस आहे, संध्याकाळी फोन करते. संध्याकाळी केला. मी उचलला नाही. जरा कळू दे.

तिच्या आईचा दुसरा नवरा दंतवैद्य आहे. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटतो आणि सुटीच्या दिवशी दगडधोंड्यांतून मोटरसायकल उडवतो. आता लेकीलाही त्यानं एक घेऊन दिली आहे. एकशे पंचवीस सीसी. म्हणजे शिलाई मशीनला दोन चाकं.

मुलगी अशी हातची जाऊ द्यायची नाही. मीही ऑफ-रोड बाइक घेणार. मोठी.

५ फेब्रुवारी

ऑफिसात बसून व्हिडिओ पाहिले. मी लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी आणि एक फोन. फोन वाजत होता. अभ्यास महत्त्वाचा.

सगळे जण एकच टुमणं लावतात. आपली लेव्हल ओळखा, मग बाइक निवडा. नवख्यानं हलकी घ्यावी, सीट खाली, इंजिन गरीब स्वभावाचं. थोडा हात बसला की अडीचशे. चारशे पन्नास फक्त रेसवाल्यांनी.

स्वतःकडे तटस्थपणे पाहिलं. वीस वर्षं स्कूटर चालवली आहे, तीही खड्ड्यांतून. अपघात एक, त्यात भिंतीची चूक होती. म्हणजे नवखा नाही. मधला आहे म्हणावं, तर मधला माणूस सहा महिन्यांत वरचा होतोच. मग दोनदा कशाला घ्यायची?

चारशे पन्नास.

८ फेब्रुवारी

शोरूम. सेल्समननं विचारलं, ऑफ-रोड किती वर्षं? मी म्हटलं, आमच्याकडचे रस्ते पाहिलेत का? तो हसला नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होता. मग एका एकशे पन्नासवर बसवलं आणि म्हणाला, बघा सर, दोन्ही पाय टेकतात. जसं काही पाय टेकणं हे मोठं कर्तृत्व आहे.

चारशे पन्नासवर चढायला एक स्टूल लागलं. पाय टेकत नाहीत, पण घोड्यावर तरी कुठे टेकतात. तो परत परत सांगत होता की ही रेसची गाडी आहे, हिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, रस्त्यावर काढता येत नाही, आणि मूठ जरा जास्त पिळली तर पुढचं चाक उचलते. मी म्हटलं, भाजी आणायला घेत नाहीये.

टेम्पोतून घरी आणली. टेम्पोवाल्यानं विचारलं, मुलासाठी का? भाडं मोजून हातात ठेवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. पार्किंगमध्ये चादर टाकून ठेवली होती, ती एकदम ओढली. ती बघतच राहिली. म्हणाली, चारशे पन्नास? मग गाडीभोवती एक चक्कर मारली. भारावली असणार. मग विचारलं, बाबा, ते लोक परत घेतात का? मी म्हटलं, घेतील, पण मी देईन तेव्हा ना.

वर जाऊन चहा करते म्हणाली. सिनेमाही आणला होता पाहायला. मी म्हटलं, चहा काय रोजचाच आहे, तू बस हिच्यावर. बसली नाही. मी सस्पेन्शन समजावून सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग तिची जायची वेळ झाली. वर जाणं राहिलंच.

छान गेला रविवार.

१३ फेब्रुवारी

रायडिंगचे बूट आले. नवे बूट वापरून सैल करावे लागतात, म्हणून घरातच घालून फिरलो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना वाटलं मी कपाट सरकवतोय. त्यांना बुटांबद्दल माहिती दिली. दार लावून गेल्या.

उजवा बूट निघाला. डावा निघेना. वॉचमनला बोलावलं. तो ओढत असताना म्हणाला, साहेब, एक नंबर मोठा घ्यायचा होता. या देशात प्रत्येकाला मत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

ट्रेनिंगचं मैदान, लेक शिकते तेच. शहराबाहेर, खाणीच्या मागे. कोच बाई आहेत. पूर्वी रेस करायच्या. नाक दोनदा मोडलेलं आहे, त्यामुळे कुठे बघतात ते पटकन कळत नाही. माझी गाडी पाहून विचारलं, ही कोणाची? माझी म्हटल्यावर म्हणाल्या, ती राहू दे बाजूला, आमची लहान गाडी घ्या, नवीन बॅचमध्ये उभे राहा.

नवीन बॅच म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा आणि दोन बहिणी. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल, नजर लांब, क्लच दोन बोटांनी. तासभर एवढंच. मी कुंपणाशी उभा राहून त्यांच्या चुका काढल्या. आजोबा सुधारत होते.

नंतर आपली गाडी काढली. चालू केली, थांबलो, पाय टेकवायला गेलो. पाय होता, जमीन खाली होती. पडलो. उभ्या गाडीवरून पडणं याचा रायडिंगशी काही संबंध नाही, त्यामुळे हे मोजत नाही.

लेक पलीकडच्या ट्रॅकवर होती. तिनं पाहिलं नसावं. हेल्मेट माझ्याच दिशेला होतं, पण हेल्मेटचं काय सांगावं.

२ मार्च, रविवार

तिसरा रविवार मैदानावर. लेक घरी यायची ती आता इथेच भेटते, म्हणजे माझा प्लॅन यशस्वी. बोलणं फारसं होत नाही. ती ट्रॅकवर, मी गाडी उचलण्यात.

दंतवैद्य भेटला. स्वतः दोनशे तीस चालवतो. किती वर्षं, विचारलं. अकरा. अकरा वर्षांत दोनशे तीसवर. माणसाला महत्त्वाकांक्षा नको का?

म्हणाला, माझी चालवून बघा, हलकी आहे, चूक केली तरी सांभाळून घेते. मी म्हटलं, मला सांभाळून घेणारं कुणी नकोय. तो बरं म्हणाला आणि लेकीची पाण्याची बाटली भरायला गेला. असला शांत माणूस मला सहन होत नाही. भांडण उकरून काढावं तर कुठे धरायलाही जागा नाही.

लेक उतारावरून उभ्यानं खाली आली. सरळ, न घाबरता. कोच बाईंनी मान डोलावली. हा तोल आमच्या घराण्यातला आहे. दंतवैद्याला सांगणार होतो, तो टाळ्या वाजवत होता.

९ मार्च, रविवार

बातमी. महिन्याच्या अखेरीला मुलींची नवोदितांची रेस आहे. कोच बाईंनी लेकीला निवडलं. ऑफिसात दिवसभर फोन करणाऱ्या लोकांना सांगायचं ठरवलं आहे. बंद लिफ्टची तक्रार दोन मिनिटं थांबू शकते.

तिनं रेसआधी एकदा बापाबरोबर मोठा चढ चढायला हवा. आत्मविश्वास येतो. मैदानाच्या मागे एक चढ आहे, कोच बाईंनी लाल झेंडा लावून बंद केलेला. फक्त एक्स्पर्टसाठी. म्हणजे मी आहेच.

१५ मार्च

लेकीला फोन. उद्या चढावर जाऊ म्हटलं. ती म्हणाली, बाबा, उद्या मैदान नको, आपण नुसते कुठेतरी बसू या का? मला बोलायचंय. मी म्हटलं, चढून आल्यावर बोलू, वरून दृश्य चांगलं दिसतं. ती म्हणाली, दृश्य नकोय बाबा. मग म्हणाली, बरं, येते.

या वयात मुली लाजतात. रेसचं टेन्शन असेल.

१६ मार्च, रविवार

थोडक्यात लिहितो.

कोच बाई नवीन बॅचबरोबर होत्या. आम्ही मागच्या बाजूनं गेलो. लेक म्हणाली, इथे एका वेळी एकानंच चढायचं असतं, आणि तू अजून सपाटीवरही पूर्ण चक्कर मारली नाहीस. मी म्हटलं, तू खाली थांब आणि बघ. ती बाजूला जाऊन थांबली.

अर्धा चढ चढलो. खरंच चढलो. मग गाडी मंदावली, म्हणून मूठ पिळली. पुढचं चाक उचललं, माझ्या डोक्यापेक्षा वर. हात सुटले. मी मागे मऊ मातीत पडलो. गाडी आडवी झाली, उलटी झाली आणि खाली गेली. ती कुठे जाईल याचा अंदाज कुणालाच आला नसता. लेकीनं स्वतःच्या गाडीवरून बाजूला उडी टाकली, हातावर पडली.

मनगट मोडलं. दोन ठिकाणी.

मला खरचटलंसुद्धा नाही. गुडघ्या-कोपरांचे गार्ड चांगल्या प्रतीचे घेतले होते.

१८ मार्च

शांतपणे विचार केला. एक, टायरमधली हवा जास्त होती. दोन, लाल झेंडा उन्हानं गुलाबी झाला होता, गुलाबी म्हणजे बंद असं कुठे लिहिलंय? तीन, ती जरा आणखी डावीकडे थांबायला हवी होती.

तिच्या आईचा फोन आला. ओरडेल म्हणून तयारीत होतो, सगळे मुद्दे समोर. ती ओरडली नाही. म्हणाली, रेस गेली तिची, आणि तिला तुझी काळजी वाटतेय की तुला वाईट वाटत असेल. एवढंच बोलून ठेवला.

मुद्दे तसेच राहिले.

३० मार्च, रविवार

रेसचा दिवस. कोच बाईंनी मला मैदानावर येऊ नका असं कळवलं आहे. लेक गेली होती म्हणे, प्लास्टरसकट, बाकीच्या मुलींना ओरडून साथ द्यायला. त्या रिटायर्ड आजोबांनी फोन करून सांगितलं. त्यांनी आता स्वतःची एकशे पन्नास घेतली आहे. मी अभिनंदन केलं नाही, नेटवर्क गेलं असं म्हणालो.

६ एप्रिल, रविवार

लेक आली. दंतवैद्य खाली गाडीत थांबला, वर आला नाही. तिनं एका हातानं चहा केला. मी मदत करतो म्हटलं तर बस म्हणाली.

त्या दिवशी काय बोलायचं होतं ते मीच विचारलं. ती म्हणाली, कॉलेजला बाहेरगावी जायचंय, जूनमध्ये. तोपर्यंतचे तीन महिने तुझ्याकडे राहायला येऊ का, असं विचारणार होते. आईला सांगूनही झालं होतं. काकांनी सामान आणून देतो म्हटलं होतं. काका म्हणजे दंतवैद्य.

मी म्हटलं, ये की. आतली खोली रिकामीच आहे. त्यात गाडीचे पार्ट आहेत ते हलवतो. आजच हलवतो.

ती म्हणाली, नको बाबा, आता राहू दे. रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी फोन काढला. एक अडीचशे पाहून ठेवली आहे, सीट बरीच खाली आहे, ती दाखवली. म्हटलं, बघ, मी चुकीतून शिकतो, आता लेव्हलप्रमाणे घेणार. तिनं फोटो पाहिला. छान आहे म्हणाली. कप उचलून आत नेला, एका हातानं धुऊन ठेवला. माझाही.

दारात विचारलं, पुढच्या रविवारी? ती म्हणाली, बघू.

नाही म्हणाली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. येणार असेल म्हणूनच बघू म्हणाली.

मीही नाही म्हणत नाही कधी. सातव्या मजल्यावरची लिफ्ट बंद आहे, घरात म्हातारं माणूस आहे, माणूस कधी पाठवता, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी दिवसभर फोनवर हेच सांगतो. बघू.