परीचे न उघडणारे फोटो

६ नोव्हेंबर

टीव्ही चालू, फोटो बंद.

सकाळची भट्टी उरकली, खवा डब्यात भरून पुण्याच्या गाडीला दिला. मग अण्णांना खुर्चीत बसवलं आणि पेन ड्राइव्ह लावला. संदीपनं दिवाळीत एवढा मोठा टीव्ही भिंतीवर ठोकून दिला तो यासाठीच, की अण्णांना नातीचा पहिला वाढदिवस बघता यावा. मोबाईलवर त्यांना धड दिसत नाही. पुण्याला जायचं तर गुडघा. दिवाळीलाही संदीप एकटाच आलेला, शीतल परीला घेऊन तिच्या माहेरी.

आधी टीव्हीनं पेन ड्राइव्ह ओळखलाच नाही. काढून पुसून दुसऱ्या खाचेत घातला, तेव्हा फोल्डर दिसला. काही फोटो आले. बाकीच्यांच्या जागी काळे चौकोन. ही फाइल चालत नाही म्हणतो.

आले त्यांत केक, फुगे, शीतलचे आईवडील. परी फक्त दोनतीन फोटोंत, तीही पाठमोरी नाहीतर डोळे मिटलेली.

अण्णा : "पोरगी कुठाय यात?"

७ नोव्हें.

टीव्ही बंद करून चालू. मग अपडेट. घरचं नेट एवढं हळू की अपडेट होईस्तोवर एक अख्खी कढई आटली. तरी काळे चौकोन तसेच.

संदीपला फोन. "ताई, कंपनीत आहे. संध्याकाळी बोलू." संध्याकाळी उचलला नाही.

आई म्हणते, परत द्या त्यो टीव्ही.

९ नोव्हें.

सापडलं एकदाचं. पेन ड्राइव्ह मोबाईलला जोडून एकेक नाव वाचत बसले. उघडतात त्यांच्या नावामागं जेपीजी. न उघडणाऱ्यांच्या मागं एचईआयसी. शीतलच्या नव्या फोनमधले मूळ फोटो आहेत ते. फोन कमी जागेत बसवायला तसे ठेवतो म्हणे, आणि आपल्या टीव्हीला ते वाचता येत नाहीत. जे उघडले ते शीतलनं तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकलेले.

म्हणजे टीव्ही बिघडलेला नाही. आईला सांगितलं. "मग आता?" "बदलून आणायचे." "टीव्ही?" "फोटो गं."

१० नोव्हें.

झेरॉक्सवाल्याकडं जेपीजी करून आणले. लागले! सगळे!

लाल फ्रॉक, डोक्यावर कागदी टोपी. मेणबत्तीसाठी दिवे घालवलेले, अंधारात फ्लॅश मारून काढलेत सगळे. परी भिंतभर. अण्णा खुर्ची पुढं ओढून बसले. आई पदरानं डोळे पुसत, "आमच्या घराण्याचंच नाक हाय."

मीच रिमोट दाबत होते. सातआठ फोटो झाल्यावर कळलं की मी नाकाकडं बघतच नाहीये. परीचा डावा डोळा. उजव्या डोळ्याची बाहुली लाल, फ्लॅशनं होते तशी. डाव्याची पांढरी. आतून कुणी दिवा लावल्यासारखी.

बदलताना काहीतरी खराब झालं असणार. उद्या परत करून आणते.

११ नोव्हें.

परत करून आणले. तसंच.

टीव्हीचे रंग कमीजास्त केले, उजेड कमी केला. पांढरा पांढराच. शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर लावून बघितले, त्यांना म्हटलं आमचा जरा खराब आहे. काकू म्हणाल्या, "किती गोड पोर!" डोळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्याही टीव्हीवर तेच.

मोबाईलवर मोठा करून बघितला. तेच. त्याच फोटोत शीतल, संदीप, शेजारची मुलं. कुणाच्या डोळ्यात लाल, कुणाच्यात काहीच नाही. पांढरं एकटीच्या.

आता बिघडायला कुठलं यंत्र शिल्लक नाही.

१२ नोव्हें.

आज अण्णाच बोलले. मी काही सांगितलं नव्हतं.

"सुरेखा, माझा मोतीबिंदू पिकला तवा डोळा असाच दिसायचा का गं?"

"अण्णा, तुमचं वय काय, तिचं काय."

"त्येच म्हणतो मी."

त्यांनीच रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

१३ नोव्हें.

मोबाईलवर शोधलं. लहान मूल, फोटोत डोळा पांढरा. पहिल्याच पानावर जो शब्द आला तो इथं लिहीत नाही. फोन पालथा ठेवून कढई ढवळत बसले. मग परत घेऊन शेवटपर्यंत वाचलं. कधीकधी नुसत्या कोनामुळंही दिसतं म्हणे. पण सगळ्या फोटोंत?

जुने फोटो काढले. बारशाचे उन्हातले, काही कळत नाही. उन्हाळ्यातला एक फ्लॅशचा आहे, त्यात डाव्या डोळ्यात पिवळट ठिपका. असला तर. मला आता सगळीकडं दिसायला लागलंय.

१४ नोव्हें.

आईला सांगितलं. ती भांडी घासत होती, थांबली नाही.

"तू बोलू नको."

"आई, डोळा जाईल तिचा."

"लेकराला नजर लागली म्हणतील. आन बोट कुणाकडं जाईल? तुझ्याकडं."

खरं आहे. बारशाला परीला मांडीवर घेतलं तर शीतलच्या आईनं हसतहसत उचलून नेलं, "आधी लेकुरवाळीकडं देऊ." मला मूल नाही म्हणून सासरहून माघारी आले, हे आमच्या भूममध्ये सगळ्यांना पाठ आहे. आता मीच म्हणायचं, तुमच्या पोरीच्या डोळ्यात काहीतरी आहे.

१५ नोव्हें.

बोलले शेवटी. शीतलशी नाही, संदीपशी.

"फ्लॅश आहे ताई. सगळ्यांचं होतं असं."

"एकाच डोळ्यात?"

तो हळू आवाजात, "शीतलपुढं काढू नको हा विषय. आधीच झोपत नाही ती."

का झोपत नाही, विचारलं. पुढच्या रविवारी सोनारीला जावळ आहे, तेव्हा बघू म्हणाला. मी म्हटलं उद्याच दाखव. कंपनीत सुट्टी मिळत नाही म्हणे.

१८ नोव्हें.

काही नाही. खवा दोनदा लागला. अण्णा टीव्ही लावत नाहीत.

२१ नोव्हें.

शीतलला मेसेज लिहिला, पुसला. लिहिला, पुसला. शेवटी "जावळाला टोपडं आणू का" एवढाच पाठवला. "आणा ताई" आलं. बरोबर हात जोडलेलं चित्र. एवढ्या टोपड्याला कुणी हात जोडतं का.

२३ नोव्हें., रविवार

जीपनं सोनारी. अण्णाही हट्टानं आले. काळभैरवाला गर्दी, पण ऊन कोवळं होतं. परी चालायला लागलीय, बोट सोडून. अंगात ताकद केवढी! जावळ काढताना रडरड रडली. मग टक्कल घेऊन सगळ्यांकडं बघत बसली, डोकं जरा तिरकं करून. सगळ्यांना तो लाडिकपणा वाटत होता.

जेवणं झाली. संदीप आचाऱ्याकडं, शीतल हात धुवायला गेलेली. परी माझ्यासमोर सतरंजीवर. ओढणीनं भॉक खेळले. तोंड झाकलं, भॉक! खिदळली. मग नुसता डावा डोळा झाकला तळहातानं. खिदळतच होती, माझी बांगडी पकडायला बघत होती.

मग उजवा झाकला.

हसू तिथंच थांबलं. हलेना. मी अगदी जवळ, तिच्या नाकासमोर, तरी दोन्ही हात पुढं करून चाचपडायला लागली. मग माझा हात जोरात ओढून किंचाळली.

हात काढला तर मागं शीतल उभी.

वाटलं आता ही पोरीला हिसकावून नेणार. तोंडावर तसाच राग होता. "काय करताय ताई?" मी सांगितलं. सगळं. टीव्ही, काळे चौकोन, झेरॉक्सवाला, पांढरी बाहुली. माझे शब्द कसेही पडत होते.

ती खाली बसली. "ते फोटो तुमच्याकडं कसे?"

"संदीपनं दिले. पेन ड्राइव्हात."

"मी ते ग्रुपवर टाकलेच नव्हते. निवडून निवडून बाकीचे टाकले." मग परीच्या टकलावरनं हात फिरवत, "संध्याकाळी दिवा लावला की मांजरासारखा चमकतो तो डोळा. गणपतीपासनं बघतेय मी. आई म्हणाली नजर आहे, बाहेर बोलू नको, पोरगी लग्नाची असते. मला वाटलं मी बोलले की खरं होईल."

मी म्हटलं, उद्या बार्शीला डोळ्यांचे डॉक्टर बसतात.

"तुम्ही येता?"

तेवढ्यात संदीप आला. शीतलनंच त्याला सांगितलं, "उद्या बार्शीला जायचंय." तो दोघींकडं बघत उभा राहिला. सुट्टीचं काही बोलला नाही.

घरी आल्यावर आई फक्त, "लेकराला स्वेटर घाल सकाळी, गाडीत गार लागंल."

२४ नोव्हें.

बार्शी. डोळ्यात थेंब घालून बसवलं. परत थेंब. परी चिडलेली, शीतलच्या खांद्याला चावली.

डॉक्टर तरुण, बोलके. कुठलं गाव, भूमचा खवा कसा, सगळं चाललेलं. मग डोक्याला लावायचा दिवा लावून वाकले आणि बोलणं बंद. खूप वेळ बघत राहिले. दिवा काढला, काच पुसली, परत बघितलं. बाहेर जाऊन दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनीही बघितलं. मग मोठ्यांनीच आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"आतल्या पडद्यावर काहीतरी आहे. गाठ असू शकते. नसूही शकते. भूल देऊन पूर्ण बघावं लागेल, ते इथं होत नाही. पुण्याला जा."

संदीप : "पुढच्या महिन्यात चालेल का?"

"हा आठवडा सोडू नका."

शीतलनं विचारलं, मी लवकर आणलं असतं तर. डॉक्टर म्हणाले, आत्ता आणलंत ना. हे उत्तर आहे की नाही, तिला कळलं नाही. मलाही नाही.

२५ नोव्हें.

पुणे. भट्टी आईवर टाकून आले. अण्णांचा सकाळपासून तिसरा फोन. विचारत काहीच नाहीत. "जेवलात का" एवढंच.

शीतलच्या आईचा फोन आला. शीतल बाल्कनीत जाऊन बोलली. आवाज चढला, मग एकदम उतरला. आत येऊन म्हणाली, "आई विचारते, ताई कशाला आल्यात." मग तीच, "मी म्हटलं, मी बोलावलं."

परी घरभर पळते. दाराच्या डाव्या चौकटीला दोनदा धडकली. संदीप आज पहिल्यांदा बघत होता ते. तिसऱ्यांदा ती त्या बाजूला वळली, तर हातातला कप तसाच टाकून धावला.

२७ नोव्हें.

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय.

पहाटेपासून तिला काही द्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा. भूल द्यायची म्हणून. भुकेनं रडून रडून थकली. शीतल जवळ घेईना, अंगाला दुधाचा वास येतो म्हणून परी जास्त रडते. तिला घेऊन मीच फिरत होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

डॉक्टरीण बाई चांगल्या वाटल्या. घाई नाही. म्हणाल्या, दोन्ही डोळे बघणार.

संदीप : "उजवा कशाला? उजवा चांगला आहे तिचा. उजव्यानंच बघते ती सगळं."

"म्हणूनच बघायचा."

एवढंच म्हणाल्या. संदीप परत काही विचारायला गेला, पण त्या वळल्या होत्या.

सिस्टर न्यायला आली. परी माझ्याकडनं तिच्याकडं गेली, रडली नाही. तिच्या गळ्यातल्या कार्डाशी खेळत होती. दार लागेपर्यंत आमच्याकडं बघत होती, डोकं तिरकं करून, उजव्या डोळ्यानं.

शीतल दारासमोरून हलत नाही. संदीप जिन्यात.

अजून कुणी बाहेर आलेलं नाही.