आईनं सांगितलेलं नातं

मंगळवार, संध्याकाळ. सुरत.

मी हितं कामावर, बायको-आई बाळाला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात; जीव थाऱ्यावर न्हाय. बाळाचे झटके थांबंनात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जीनची, म्हंजी आईबापाकडनं आलेला रोग हुडकायची, तातडीची तपासणी लावलीय. रोग सापडला तर नेमकं औषध देता येईल म्हणं.

आज बायकोचा, सुनीताचा फोन आला. म्हणली, बाईंनी इचारलं, "नवराबायको नात्यातले का?" आई फटकन म्हणली, "न्हाय, लांबची सोयरीक हाय."

लांबची? सुनीता माझ्या सख्ख्या मामाची पोर. आईनंच हट्टानं भावाची लेक सून केली.

"मग तू का गप बसलीस?"

"आत्याम्होरं कशी बोलू? आधीच रडत्यात, माझ्यामुळंच झालं म्हणून."

लांबची म्हणं! राग येतो, कीवबी येते. पण तपासणाऱ्यांना खोटं सांगून कसं चालंल? म्याच बाईंना फोन लावून खरं नातं सांगितलं. त्या म्हणल्या, "बरं केलंत, आता शोधायला सोपं जाईल. आईंना सांगा, यात कुणाचाच दोष नाही."

मग आईला सगळं सांगितलं.  ती म्हणली, "दोषाचं ऱ्हाऊ दे. बाळ वाचंल म्हणल्या का?"

ते इचारायचं धाडसच झालं न्हवतं मला.