संग्रहालयाच्या दारात आमचे देव

मोर्शी

पंजाबराव भाऊंना खुशालरावाचा राम राम.

सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत? ललिताबाईंचा खोकला गेला का? पिंटूचं पोट? (लग्नसराई आहे, त्याला जिलेबीपासून दूर बांधा.) तुमचं बीपी विचारत नाही, तुम्ही खरं सांगत नाही. आम्ही उभयता मुंबईहून सुखरूप परतलो. सुखरूप हा शब्द एरवी सवयीनं लिहितो, या वेळी समजून लिहून राहिलो आहे.

तिथं नोकरीला असलेली आमची नात पायल म्हणाली, आजोबा, संग्रहालय पाहू. आता तुमची बहीण कौशल्या घराला कुलूप लावून निघाली की देव सोबत घेते. घर बंद म्हणून देवांनी पारोसं राहायचं का? त्यामुळे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे टाक, सगळी मंडळी पोटलीत बसून आमच्याबरोबर गाडीत. (बिनतिकिटाची.) संग्रहालयाच्या दारात तपासणी. माझ्या खिशातून अडकित्ता निघाला, आणि सारे शिपाई त्याच्याभोवती असे जमले की विचारू नका. जन्मभर सुपारी कातरली, पण एवढा मान त्या अडकित्त्याला कधी मिळाला नव्हता. तेवढ्यात कौशल्या पोटली पदराखाली घेऊन चौकटीतून आत. चौकट वाजली, तर म्हणे पाटल्या वाजल्या असतील.

आत काचेच्या कपाटात जुने पितळी देव होते, थेट आपल्यासारखे. तिनं एकेकाला हात जोडले. बाहेर निघताना दुसऱ्या दारावर पुन्हा तपासणी! तिथल्या बाईनं पोटली उघडली आणि साहेबाला हाक मारली. साहेबानं बाळकृष्ण हातात घेतला. हा आतून उचलला का? देव जमा करावे लागतील, म्हणाला. वाटलं, पिढ्यांचे देव आज सरकारी कपाटात जातात आणि आपण रिकामी पोटली घेऊन गावी. कौशल्या रडेल असं वाटलं, पण ती भडकली.

"कावो साहेब, तुमच्या कपाटातल्या देवाईले कोनी साखर देते का? माह्या आईनं लग्नात देलेला देव आहे हा. सकाळीच नैवद्य दाखवला. पाहा, मुंग्या लागल्या!"

साहेब निरखून पाहायला गेला, तर एक मुंगी त्याच्याच बोटाला डसली. त्यानं हात झटकला (देव पडू दिला नाही, भला माणूस), हसला, पाया पडला आणि आम्हाला सोडलं. मी सोडलेला श्वास तिकडे तुमच्या धामणगावापर्यंत ऐकू आला असेल.

सर्वांना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

ता. क. अडकित्ता तिथंच राहिला. जाऊ द्या.

आणखी ता. क. घरी पोटली सोडली, तर बाळकृष्ण दोन! जाताना रात्री तुमच्याकडे मुक्काम केला, तेव्हा सकाळी पूजा करून हिनं तुमच्या देवघरातलाही उचललेला दिसतो. दोघं एकाच घडणीचे, दोघांनाही मुंग्या. आता साहेबाच्या हातात कोणता होता, देव जाणे. तुमच्या बाळकृष्णाची काही खूण असेल तर कळवा, म्हणजे तो गुपचूप आणून ठेवतो. फोन करू नका, आमचा फोन माझ्या बहिरेपणामुळे नेहमी स्पीकरवर असतो आणि कौशल्या म्हणते दोन्ही तिचेच. सासूबाईंच्या ध्यानात येण्याआधी उत्तर टाका.