दोन कमरांचं गुणसूत्र

३ मार्च, सकाळ
आजपासून मी संशोधक. लॅबमध्ये सगळे 'ट्रेनी' म्हणतात. म्हणू देत. संकल्प: मायक्रोस्कोपखाली रोज शंभर पेशी तपासायच्या, एकही चूक नाही. सरावाला किरणं न लागलेल्या निरोगी माणसाचं रक्त हवंय. बाबांचं नेते. ते पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतात, पण त्यांचा किरणं मोजणारा बॅज दर महिन्याला शून्य दाखवतो. म्हणजे माणूस कोरा करकरीत!

४ मार्च
बाबा नको नको म्हणत होते. मी हट्टच धरला. आई म्हणाली, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि पहिली सुई बापालाच! तिला समजावलं: किरणं पेशीतली गुणसूत्रं तोडतात. पेशी घाईघाईत तुटकी टोकं जोडते, कधी भलत्यालाच भलतं. मग गुणसूत्राला मधे जी एकच चिमटलेली कमर असते, तिच्याजागी दोन कमरा होतात. आई म्हणाली, इथे एक सांभाळताना नाकी नऊ येतात. बाबा हसले नाहीत. सुईला घाबरले असणार.

८ मार्च
पन्नास पेशींत दोन कमरांची सहा गुणसूत्रं. निरोगी माणसात हजार पेशींत एखादं. पेशी रंगवायचा स्टेन खराब आहे. उद्या नवीन.

९ मार्च
नवीन स्टेन. तेच. मायक्रोस्कोप जुना झालाय. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, उत्तम आहे. मॅडमना चष्मा आहे. असो.

१० मार्च
बाबांच्या बोटांवर फोड. चहा सांडला म्हणे. बाबा चहा पीत नाहीत. हल्ली सुरू केला असेल.

११ मार्च
संशयास्पद पेशी वगळून मोजलं. निकाल एकदम सुंदर. मॅडमनी नेमक्या वगळलेल्याच पेशी पाहिल्या. रक्त कुणाचं, विचारलं. म्हटलं, ओळखीतल्या एकाचं. त्या म्हणाल्या, त्याला लगेच डॉक्टरकडे ने.

११ मार्च, संध्याकाळ
बाबांना विचारलं. गेल्या महिन्यात मशीनमधला किरणांचा सोर्स, ती किरणोत्सारी गोळी, बाहेरच अडकला. त्यांनी हातानं आत ढकलला. बॅज लॉकरमध्ये होता. सगळेच ठेवतात म्हणाले, आकडा वाढला की घरी बसवतात.
मग रक्त कशाला दिलंत?
म्हणाले, तू एवढ्या हौसेनं मागितलंस. आणि वाटलं, नवीन आहेस, तुला काही दिसायचं नाही.
मी त्यांची फोड आलेली बोटं उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, पण तू ओळखलंस ते बरोबर होतं ना?
हो म्हटलं.
त्यांनी आईला हाक मारली. म्हणाले, अगं, पोरीला काम जमायला लागलं.