करवतीची सांजेची बाजू

धरणगाव,
ता. ९ नोव्हेंबर १९४३

चि. वनाभाऊ यांस,
वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिते. पत्र लिहायला बसलं की मला एरंडोलच्या शाळेतली भाषा येते, तेव्हा हसू नका. त्या शाळेचा उपयोग लग्नानंतर आज पहिल्यांदाच होतोय.

दिवाळीत आम्ही नवराबायकोने तुमची वाट पाहिली. नाना तोंडाने काही बोलले नाहीत, पण भुसावळच्या गाडीची शिटी झाली की हातातलं काम थांबवायचे. मी विचारलं की म्हणायचे, पाठ दुखते. मीही म्हटलं, बरं, पाठ दुखत असेल.

कापसाची जिन सुरू झाली. कोळसा सगळा लढाईकडे जातो म्हणतात, म्हणून पन्नालालशेठनी यंदा बॉयलरसाठी लाकूडच घ्यायचं ठरवलंय. बाभूळ, निंब, चिंच, जे येईल ते. वखारीच्या मागे ओंडक्यांचा ढीग पडलाय. काम भरपूर आहे, करवत एकच आहे.

करवतीच्या तुमच्या टोकाला माणूस मिळाला आहे, त्याची काळजी नको. नवा आहे, हात अजून बसला नाही, पण ओढतो. नाना त्याला दिवसभर तेच सांगतात जे तुम्हाला सांगायचे. "ढकलू नको, ओढ. बठ्ठं काम ओढामा शे." आपण ओढायचं आणि मग हात सैल सोडून समोरच्याला ओढू द्यायचं, एवढंच ते. ऐकायला सोपं आहे. माझा उजवा खांदा हल्ली फार धरतो. विहिरीचं पाणी खोल गेलंय, त्यामुळे असेल.

पत्राचं खरं कारण कानस, करवतीला धार लावायची. धरणगावात कानस मिळत नाही, जळगावाहून माणूस हात हलवत परत आला. घरातली इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर पोळी लाटावी. रॉकेलसुद्धा कार्डावर मिळतं. बाभळीचा डिंक करवतीला चिकटतो, तो काढायला पूर्वी रॉकेल चोळायचो, आता करडईचं तेल चोळतो, तेही भाजीच्या वाटणीतलं. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात आहात, तिथे पोलादाला काय तोटा. एक तिधारी कानस पाठवा. चोरून नको, विकत घेऊन पाठवा.

धार लावायची पद्धत नानांनी बदललेली नाही. खुंटाच्या खाचेत करवत उभी करून, एक बाजू सकाळी कामाआधी उगवतीच्या उन्हात, दुसरी काम संपल्यावर मावळतीच्या. ऊन समोरून आलं की बोथट दाता चमकतो आणि धारेचा चमकत नाही, हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं ना. तरी यंदा काप सरळ जात नाही. वरून सुरू केलेला काप खाली पोचेपर्यंत तिरपा होतो, करवत अडकते, मग पाचर ठोका, मग परत ओढा. जिनचा आगवाला ओरडतो की तिरपे तुकडे भट्टीत नीट बसत नाहीत. शेठ अजून काही बोलले नाहीत. पण चोपड्याची करवत्यांची एक जोडी येऊन त्यांना भेटून गेली, हे मी ऐकलं. पन्नालालशेठचं लाकूड हातचं गेलं तर नाना काय करतील, मला सुचत नाही. त्यांना दुसरं काही येत नाही.

आता मनातलं लिहिते. वनाभाऊ, मी तुमच्यावर रागावले आहे. त्या चिंचेच्या ओंडक्यात खिळा निघाला, करवतीचे दाते मोडले, नाना दिवाणजीसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. मान्य. पण मोठा भाऊ आहे. दोन शब्द बोलला म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं? तेही उलट एक अक्षर न बोलता. बोलला असतात तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झाला असतात.

एक सांगते. करवत सोडून जाणारा आपल्या टोकाची लाकडी मूठ काढून नेतो, ही तुमच्या लोकांची रीत. तुम्ही नेली नाहीत. दसऱ्याला नानांनी करवत पुजली तेव्हा तुमच्या टोकाला तुमच्या वाटणीचं हळदीकुंकू स्वतः लावलं. शेजारच्या धुरपदाबाईनं विचारलं, तर म्हणाले, "वना येई. मूठ ठेईसन गया शे."

कानस लवकर पाठवा. जमलं तर स्वतः घेऊन या.

तुमची वहिनी,
शेवंताबाई


धरणगाव,
ता. ५ डिसेंबर १९४३

चि. वनाभाऊ यांस, आशीर्वाद.

कानशी पोचल्या. एक मागितली, तुम्ही दोन पाठवल्यात, त्याही गोणपाटात गुंडाळून, तेल लावून. गाडीवरचा तुमचा ओळखीचा माणूस घरी आणून देऊन गेला, त्याला भाकरी खाऊ घातली. गोणपाट झटकून पाहिलं, चिठ्ठी नव्हती. असू दे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. तुमच्या टोकाला माणूस मिळाला नाही. ते टोक मी ओढते.

नानांनी दोघांना लावून पाहिलं. एक ढकलायचा, दुसरा दुपारपर्यंत टिकला नाही. मग एक दिवस मीच जाऊन धरलं. नानांनी आपलं टोक धरलं. मग म्हणाले, "ओढ." बाईने करवत ओलांडू नये म्हणतात, ओढू नये असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. धुरपदाबाई कुंपणापलीकडून म्हणते, "काय वं, आता मिशा ठेव." मी म्हटलं, ठेवते, तुझ्या नवऱ्याच्या दे.

तुमची मूठ माझ्या हाताला फार जाड होते. तिला फडकं गुंडाळून धरते, तरी बोटं पुरत नाहीत. ती घासून बारीक करा असं मी नानांना एकदा म्हटलं, ते उठून गेले. पुन्हा विषय काढला नाही.

खरं सांगू का, मी थकले आहे. सकाळी उठते तेव्हाच थकलेली असते. पण ते सांगायला पत्र लिहीत नाही. तुम्हाला सोडून हे कोणाला सांगता येईल, मला समजत नाही.

नव्या कानशी आल्या तरी काप तिरपाच जात होता. नाना म्हणायचे, मी ढकलते. मला वाटलं असेलही. मग एका सकाळी ते मारुतीला गेले होते, मी त्यांची जागा झाडायला गेले. करवत खुंटात उभी होती, ऊन वर आलं होतं. मी सहज पलीकडच्या बाजूने वाकून पाहिलं. सांजेची बाजू. आदल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर घासलेली. तिचा एकूण एक दाता चमकत होता.

घासलेला दाता चमकत नाही. कानस तिथे पोचलीच नव्हती. ती हवेत फिरली असेल, नाहीतर दात्याच्या कुशीत.

तेव्हापासून ते मारुतीला गेले की सांजेची बाजू मी घासते. त्यांना बघून बघून आलं, फार काही अवघड नाही. ते घंटा वाजवतात ती इथे ऐकू येते, ती वाजली की मी कानस ठेवून चुलीशी जाते. काप आता सरळ जातो. आगवाला गप्प झाला. नाना म्हणाले, "दख, आते हात बसना तुना." मी हो म्हटलं.

त्यांना संध्याकाळचं दिसत नाही, वनाभाऊ. हे मी अजून मोठ्याने कोणाजवळ बोलले नाही. तुम्ही या. ते टोक तुमचं आहे. मी काही दिवस ओढेन, जन्मभर कशी ओढू?

वहिनी


धरणगाव,
ता. १६ जानेवारी १९४४

चि. वनाभाऊ यांस, अनेक आशीर्वाद.

सोबत तिळगूळ पाठवते, गूळ यंदा काळा आहे, चालवून घ्या.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या पत्रांना उत्तर म्हणून एक ओळ. "ओंडका चढवण्याआधी कोण बघतं?" ना ख्यालीखुशाली, ना सही. मला आधी राग आला. मी इकडे रडगाणं लिहिते आणि हा माणूस कामाची चौकशी करतो. कार्ड भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं.

पण ओळ डोक्यातून जाईना. ओंडका नानाच बघतात, दुसरं कोण बघणार. आदल्या दिवशी काम संपलं की उद्याच्या ओंडक्यांवरून हात फिरवतात, कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकतात. मला ते नेहमीचंच वाटायचं. मग भाकरी थापताना एकदम ध्यानात आलं. काम संपल्यावर, म्हणजे सांजेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून प्रत्येक ओंडका पाहिला. आमोद्याकडून आलेल्या निंबाच्या बुंध्यावर, कमरेइतक्या उंचीवर, सालीला बशीएवढी गाठ आली होती. झाडात भूत बांधायला भगत खिळा ठोकतो, झाड त्याच्यावरून वाढतं, वर नुसती गाठ राहते. मी कुऱ्हाडीने साल काढली. आत खिळा होता, माझ्या बोटाएवढा. नानांनी आदल्या सांजेला त्याच ओंडक्याला चांगला म्हटलं होतं.

मग मला सगळं उमगलं. तुम्ही रोज त्यांच्या मागून असंच बघत होता. त्या चिंचेच्या वेळी बैलजोडी आणायला गेला होतात, म्हणून राहिलं. आणि नाना दिवाणजीसमोर शिव्या देत होते तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला असतात की नाना, तुम्हाला दिसत नाही, तर तुम्ही सुटला असतात. पण डोळे गेलेल्या करवत्याला लाकूड कोण देतं? तुम्ही शिव्या घेतल्या आणि गेलात. राहिला असतात तर एक ना एक दिवस तोंडातून निघालं असतं, होय ना? पहिल्या पत्रात मी तुम्हाला जे बोलले ते फाडून टाका. मला फार वाईट वाटलं, वनाभाऊ. भाकरी तव्यावर जळाली.

खिळा लपवून टाकायचा असं ठरवलं होतं. पण मला लपवून लपवून कंटाळा आला होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी, काम थांबलं होतं, मी तो त्यांच्या हातावर ठेवला. कुठून निघाला तेही सांगितलं. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने चाचपला, माथ्यापासून टोकापर्यंत, परत टोकापासून माथ्यापर्यंत. मग विचारलं, "वनाले माहीत व्हतं ना?"

मी म्हटलं, होतं.

ते उठले नाहीत, रागावले नाहीत. रडले असं मी म्हणणार नाही. नाक शिंकरलं आणि म्हणाले, भुसा गेला.

सांगायची गोष्ट पुढेच आहे. संक्रांतीला करवतीला सुट्टी असते. मी सुगडं घेऊन ओवसायला गेले होते, परत आले तर नाना अंगणात उन्हात बसलेले, मांडीवर तुमची मूठ. करवतीवरून काढली होती. जुनी गुळगुळीत कानस घेऊन ती घासत होते. थोडं घासायचे, मुठीत धरून बघायचे, परत घासायचे. मला म्हणाले, "हात दे." माझा हात धरून, बोटं मुठीभोवती वळवून पाहिली. अजून जाड होती, परत घासली. माझी बोटं तळव्याला टेकली तेव्हा थांबले. तेल लावून ती करवतीला बसवली आणि पाचर ठोकली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळनी बाजू मनी. सांजनी तुनी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. घंटा जरा जास्तच वेळ वाजवायचे हल्ली, ते आठवलं.

तर वनाभाऊ, तुमची मूठ आता तुमच्या हाताची राहिली नाही. त्याबद्दल राग मानू नका. मागच्या पत्रात मी लिहिलं, ते टोक तुमचं आहे, येऊन धरा. ते आता नको. मी ओढते. खांदा दुखतो तो दुखेल. ओंडके मी बघते, तेही भर उन्हात, सांजेला नाही. चोपड्याची जोडी परत गेली.

पण तुम्ही या. करवतीसाठी नको. काल नाना मला विचारत होते, वनाच्या कपाळावरची बैलाच्या शिंगाची खूण उजवीकडे की डावीकडे. त्यांना आठवेना. मी सांगितलं उजवीकडे, तरी त्यांना खात्री पटली नाही. तुम्ही सकाळच्या गाडीने या. ऊन चांगलं वर आलेलं असेल, अंगणात त्यांच्यासमोर बसा, आणि त्यांना नीट बघू द्या. दुपारच्या गाडीचं सांगत नाही. रजा मिळेपर्यंत थांबतो असंही म्हणू नका, सकाळचं दिसतंय तोवर या.

वाट पाहणारी,
करवतीच्या दुसऱ्या टोकाची,
शेवंताबाई