केळीच्या पानाची शीर

आई, तुझ्या धाकट्याचं दुखणं माझ्या मुलीला आलंय, हे कळायला तू राहिली नाहीस. तीच कातडी, जरा घासलं की फोड. तुझ्याच भावाची मुलगी तू मला बायको म्हणून केलीस, आणि नात्यातल्या लग्नात हे दुखणं असं डोकं वर काढू शकतं, हे मी मस्कतला येऊन वाचत वाचत शिकलो. दहावी नापास माणूस, एसी दुरुस्त करणारा. पण आज इथले डॉक्टर नव्या पालकांना माझा नंबर देतात. अशी मुलं असलेली घरं या देशात एकमेकांना ठाऊकच नव्हती. मी ती शोधली, जोडली. दर शुक्रवारी सगळे माझ्या घरी जमतात. कपडे उलटे घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहते; मूल काखेत धरून उचलायचं नाही, खालून तळहात सरकवायचा. हे सगळं मी शिकवतो. डॉक्टरांना विचारून तुझं केळीचं पानसुद्धा, फोडांना न चिकटणारं.

पाचाडला गडावर जाणाऱ्यांसाठी तू भाकऱ्या थापायचीस आणि परसातली पानं कापायचं काम माझं असायचं. पान ओल्या फडक्याने पुसायचं, मधली जाड शीर सुरीने तासायची आणि दारातूनच तुझ्या हातात द्यायचं. आत तू धाकट्याला अलगद पानावर निजवतेस, कानाशी काहीतरी बोलतेस, तो हसतो. मी दाराबाहेर. "शीर राह्यली रे. त्याच्या पाठीत रुतंल," एवढंच माझ्या वाट्याचं बोलणं. एकदा तू चुलीपाशी होतीस तेव्हा सदरा काढून मी त्याच्या पानावर आडवा व्हायला गेलो. पाठ टेकायच्या आत तू दंड धरून उठवलंस. "तुला काय झालंय? धडधाकट हायस ना?" पुढे तो गेला, तरी तुझ्याजवळची त्याची जागा मला कधी मिळाली नाही.

गेल्या महिन्यात गटात केरळची एक बाई आली. तिचा मुलगाही असाच. मीच तिला उचलायचं कसं ते दाखवलं. आता सगळ्या आया तिलाच विचारतात. ती गाणं म्हणत पट्ट्या बदलते, मुलं कळवळत नाहीत. आज मी हात धुऊन पट्टी सोडवायला बसलो तर मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही नको. मावशीला करू दे. तुम्ही फार मोजूनमापून करता." बाईने पान अंथरलं, शीर तशीच ठेवून. मी ते बोलून दाखवलं. ती रागावली नाही, उलट हसली. "भाईसाब, पत्ता आप ठीक कर दो, मैं लगाती."

म्हणून मी स्वयंपाकघरात बसून शीर तासली आणि पान दारातून आत दिलं. आतून माझ्या मुलीचं हसणं आलं. फोड दुखत असताना ती माझ्यासमोर कधी हसलेली नाही. मला त्या बाईचा राग आला, आई, आणि तिच्याआडून तुझ्या धाकट्याचा. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहितो. सगळे गेल्यावर एक पान उरलं होतं. दार लावून मी शर्ट काढला आणि त्यावर पाठ टेकली. गार लागलं. शीर तासायची राहिली होती. रुतते खरी.