माझ्या संग्रहातला डोंगर

३ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी.

आजपासून मी संग्राहक. ठरलं म्हणजे ठरलं. रिटायर झाल्यापासूनचे दोन संकल्प, पोहणं आणि फ्रेंच, अनुक्रमे सर्दीमुळे आणि फ्रेंचमुळे राहिले. हा राहणार नाही. यात अंगमेहनत नाही, फक्त नजर लागते, आणि तीस वर्षं खरेदी विभागात माल पारखून माझी नजर तयार आहे.

निमित्त दातांचे डॉक्टर. खालच्या मजल्यावर दवाखाना. भिंतभर मुद्राचित्रं, म्हणजे छापाची चित्रं, लावून ठेवलीत. काल माझ्या तोंडात कापूस कोंबून म्हणाले, हे एचिंग, ते लिथो, आता ते तिसरं काय असेल सांगा बरं. कापूस नसता तर सांगितलं असतं.

संग्रह सध्या: एक. लेकीने मागच्या वाढदिवसाला दिलेलं चित्र. ती छापाची चित्रं करते. प्लेटवर शाई, वर कागद, मग प्रेस. आजवर नळकांड्यातच पडून होतं. उलगडलं. काळ्या-करड्या शाईत एक मोठा गोलमटोल डोंगर. डावीकडे छोटी टेकडी, तिच्या माथ्यावर विरळ गवत, मधोमध गुहा. संध्याकाळ. डोंगर वरून शांत, पण आत काहीतरी खदखदतंय.

हिला बोलावून समजावून सांगितलं. ती चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. विरळ गवतापाशी आलो तेव्हा तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. भारावली असावी.

४ नोव्हेंबर, शनिवार

मुद्राचित्रांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. सात प्रकरणं. शिस्त: रोज एक, क्रमाने. पुढचं आधी वाचायचं नाही. घिसाडघाईनेच लोकांचं ज्ञान कच्चं राहतं.

प्रकरण पहिलं: लाकूड, लिनोलियम. जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते छापलं जातं. सोपं आहे. उगाच बाऊ करतात.

दुपारी लेकीचा फोन. एक डिसेंबरपासून तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. माझ्याकडचं चित्र महिनाभर हवंय, दारातून शिरल्यावर समोर जी भिंत लागते तिच्यासाठी. एकोणीसला, रविवारी न्यायला येते म्हणाली. समोरची भिंत! म्हटलं, उद्घाटनाला डोंगरावर चार शब्द बोलू का? बघू, म्हणाली. कोणता डोंगर, असंही काहीतरी विचारत होती, पण मी भाषणाच्या विचारात फोन ठेवला.

६ नोव्हेंबर, सोमवार

कालचं प्रकरण राहिलं. बसवतच नाही. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. ही म्हणाली, पायाला चाकं लावून घ्या.

समोरच्या भिंतीवर जाणारं चित्र नळकांड्यातून देणार? फ्रेम हवी. घरात उत्तम सागवानी फ्रेम एकच, माझ्या मानपत्राची. अर्धा तास विचार केला. मानपत्र काढलं. बापच हे करू शकतो. भाषणात ओझरता उल्लेख करावा.

फ्रेम जरा लहान पडली. पण चित्राभोवती चारी बाजूंनी बोटभर कोरा कागद नुसता वाया गेलेला. कडा तर सरळ कापलेल्याही नव्हत्या, फाडल्यासारख्या. खाली पेन्सिलीने काहीतरी गिरबटलेलं, कागदाच्या कारखान्यातली कच्ची नोंद असणार. चष्मा आत होता. कटर घेऊन चारी बाजू सरळ केल्या. शाईला धक्का लागलेला नाही. हिने पट्ट्या उचलल्या. कागद जाड आहे, बरण्यांना लेबलं होतील म्हणाली. खालची पट्टी हातात धरून बराच वेळ उभी होती. कागदात काय एवढं?

७ नोव्हेंबर, मंगळवार

चित्राच्या कडेने चौकोनी घडी पडलेली दिसली. कागद ताटलीसारखा आत दबलेला. नळकांड्याचा प्रताप. पातळ फडकं घालून इस्त्री फिरवली. सपाट! ही म्हणाली, लेकीला विचारलंत का? म्हटलं, शर्टाची चुणी काढायला आपण शिंप्याला विचारतो का?

दुपारी आरामखुर्चीत भाषणाचा विचार केला. मी दुपारी झोपत नाही, डोळे मिटून विचार करतो. हे हिला कधीच पटलेलं नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रकरण दुसरं, एचिंग. मन लावून वाचलं. धातूची प्लेट प्रेसच्या दाबाने कागदात रुतते आणि चित्राभोवती दबलेली चौकट उमटते. जाणकार सर्वात आधी तिच्यावरून बोट फिरवतो.

माझ्या चित्रावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. चौकट नाही.

म्हणजे हे प्लेटवरचं नाहीच. प्लेट-प्लेट असं लेक म्हणते खरी, पण मुलं तांत्रिक बाबतीत ढिली असतात. स्वतःच्या तपासणीने निष्कर्ष काढला याचं समाधान मोठं आहे.

११ नोव्हेंबर, शनिवार

प्रकरण तिसरं, लिथो. सपाट दगडावरून छपाई. चौकट उमटत नाही! माझं निदान बरोबर. जिन्यात डॉक्टर भेटले, त्यांना सांगितलं. कितव्या क्रमांकाची प्रत आहे, त्यांनी विचारलं. म्हटलं, आम्ही आकड्यांकडे बघत नाही, चित्राकडे बघतो.  गुरुवारी बघायला या म्हटलं.

१३ नोव्हेंबर, सोमवार

प्रकरण चौथं, रेशमी पडद्यातून छपाई. अर्धं वाचलं. तळटीप मात्र अमूल्य: जुने संग्राहक चित्राच्या पाठीवर स्वतःचा छोटा शिक्का उमटवत.

खोडरबरावर माझी आद्याक्षरं कोरली. ठसा उलटा येतो हे पहिल्या प्रकरणापासून मला माहीत आहे, फक्त कोरताना आठवलं नाही. उलटी अक्षरं आली. असू देत, नक्कल करणं अवघड जाईल. जांभळी शाई जरा जास्त लागली. पुढून गुहेच्या तोंडाशी थोडी झिरपलेली दिसते. संध्याकाळ आहेच, खपून जाईल.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

वाचन नाही. गुरुवारची तयारी. आरामखुर्ची चार ठिकाणी हलवून पाहिली. शेवटी बरोब्बर चित्राखाली ठेवली.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी.

डॉक्टर आले. मी खुर्चीत, चित्र डोक्यावर. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. हेही भारावले म्हणायचे. मग विचारलं, कागदाची कड कुठे गेली? म्हटलं, सरळ करून घेतली. सही? पेन्सिलीचं होतं काहीतरी. दबलेली चौकट? इस्त्री केली. डॉक्टर हळूच स्टुलावर टेकले. सहावं प्रकरण वाचलंत का म्हणाले. मी क्रमाने जातो, पाचव्यावर आहे, असं सांगितलं. चहा अर्धा टाकून गेले.

नियम मोडून पाचवं आणि सहावं लागोपाठ वाचलं.

पाचवं: किती प्रतींपैकी कितवी, ते चित्रकार खाली पेन्सिलीने लिहितो. पन्नासातली सातवी वगैरे. सहावं: कड कधीही कापू नये. पेन्सिलीतलं नाव, आकडा आणि सही हा चित्राचाच भाग. दबलेली चौकट जपावी. इस्त्री करू नये. (इस्त्रीचं वेगळं लिहिलंय. म्हणजे हे करणारा मी पहिला नव्हे.) हे प्रकरण पुस्तकात पहिलं हवं होतं. प्रकाशकाला कळवणार आहे.

 मग उपाय सुचला. छाप म्हटला की प्रती आल्याच! लेकीला फोन केला. म्हटलं, माझी प्रत घरीच राहू दे, तू तुझ्याकडची दुसरी लाव. दुसरी नाहीये बाबा, म्हणाली. म्हटलं, अगं बघ जरा, पन्नास अशा कशा संपतील? तिने चित्र ठीक आहे ना, असं विचारलं. सागवानी फ्रेममध्ये आहे म्हटलं. यात खोटं काही नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

प्रकरण सातवं, शेवटचं. मोनोटाइप. गुळगुळीत प्लेटवर शाईने थेट चित्र काढतात आणि ओली असतानाच एकदा प्रेसमधून काढतात. सगळी शाई कागदावर येते. प्लेट पुसलेल्या पाटीसारखी कोरी. प्रत एकच. दुसरी निघत नाही.

उभा राहिलो. बसलो. पुन्हा वाचलं. तेच लिहिलं होतं.

पट्ट्या परत चिकटवाव्यात म्हणून स्वयंपाकघरात शिरलो. साखर, मीठ, चहा. तीन सापडल्या, तिन्हींवर हिचंच अक्षर, पेन्सिलीचं काही नाही. खालची नाही. हिला विचारलं तर म्हणाली, सांभाळून ठेवलीय, उद्या तिच्याच हातात देईन. माझ्यावर विश्वास नाही का विचारलं. हिने चहाची बरणी माझ्या हातातून काढून घेतली.

काय सांगायचं त्याची तयारी केली. मुद्दे: नळकांड्याचा दोष, कागदाचा दर्जा, माझा हेतू. लेक चिडली की एकेक मुद्दा काढायचा.

१९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी दोन.

लेक आली. फ्रेम उतरवून चित्र बाहेर काढलं. जिथे चौकट असायला हवी तिथे बोट फिरवलं. पाठ उलटून शिक्का पाहिला.  मला शांतता सहन होत नाही. डोंगराच्या आतल्या खदखदीबद्दल बोललो. तिने कोणता डोंगर विचारलं. दाखवला. टेकडी दाखवली, गवत, गुहा.

तेवढ्यात ही आतून खालची पट्टी घेऊन आली. आपल्या कपाटाच्या आरशाला खोचून ठेवली होती म्हणे. चष्मा लावला. पेन्सिलीने बारीक अक्षरात: बाबांची डुलकी. १/१. पुढे सही.

डोंगर म्हणजे माझं पोट, टेकडी म्हणजे डोकं. गवताचं कळलंच. गुहेबद्दल लिहीत नाही.

लेक चिडली नाही. त्यामुळे माझा एकही मुद्दा वापरता आला नाही. पट्टी चित्राखाली जुळवून बघताना तिचे डोळे भरून आले, एवढंच. म्हणाली, लहानपणापासून तुम्हाला स्वस्थ बसलेलं कधी पाहिलंच नाही. एकाच दुपारी तसे दिसलात. घरी जाऊन धावतपळत केलं, विसरायच्या आत.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे हेतू वगैरे जोडून लिहिता येत नाही.

दुपारी तीन.

म्हटलं, चित्र गेलं तरी माणूस आहे की! पुन्हा काढ. ती थोडी हसली. चित्रांची वही काढून समोर बसली. मी आरामखुर्चीत. आता फक्त झोपायचंय. यात आपला हात कोण धरणार?

चार वाजता.

मान खाजते. नळ ठिबकतोय, आधी कधी ठिबकत नव्हता. डोळे घट्ट मिटले. लेक म्हणाली, बाबा, कपाळाला आठ्या आहेत. आठ्या काढल्या. मग तोंड बंद की उघडं ते ठरेना.

साडेपाच.

तिला जायला हवं होतं. वहीत चार पानं. चारही पानांवर एक माणूस दातांच्या डॉक्टरकडे बसलेला. जमलं नाही, म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. समोरच्या भिंतीवर दुसरं काहीतरी लावेन, हे तुमचं आहे, तुमच्याकडेच राहू दे. चित्र फ्रेममध्ये घालून, खाली पट्टी ठेवून तिनेच टांगलं. प्रदर्शनाला नक्की या म्हणाली. भाषणाचं मी काढलं नाही.

साडेसात.

तिला दारापर्यंत सोडून खुर्चीत जरा टेकलो होतो. आत्ता जाग आली. ही म्हणते, ती जिना उतरायच्या आत घोरायला लागलात. मग हाक का मारली नाही तिला? ही म्हणते, मारली. रिक्षा निघून गेली होती.

दिवा लावला. भिंग घेऊन चित्रासमोर उभा राहिलो. डोंगर शोधला. लांबून पाहिला, जवळून पाहिला, मान वाकडी करून पाहिला. दिसत नाही.